पर्मॅलॉयचे कोडे: ६०० अंश, तांब्याची पाटी आणि अणूंची मांडणी

७८.५ टक्के निकेल, बाकी लोखंड: हा मिश्रधातू म्हणजे पर्मॅलॉय. त्याच्या पट्टीच्या एकाच रिळातून तीन तुकडे कापायचे. तिन्ही ९०० ते ९५० अंश सेल्सिअसवर तासभर ठेवायचे आणि भट्टीतच सावकाश थंड होऊ द्यायचे. पहिला तसाच ठेवायचा. दुसरा पुन्हा ६०० अंशांपर्यंत तापवून साध्या तपमानाच्या तांब्याच्या पाटीवर टाकायचा. तिसरा ४५० अंशांवर २० तास शेकायचा. मग क्षीण चुंबकीय क्षेत्रात तिघांची आरंभीची पर्मिॲबिलिटी, म्हणजे पदार्थ किती सहज चुंबकित होतो याचे माप, मोजायची. दुसरा तुकडा ८,००० ते १०,००० दाखवतो, पहिला त्याच्या काही पटींनी खाली राहतो आणि तिसरा पहिल्याच्याही खाली जातो. रासायनिक तपासणीत तिघे एकसारखे. सूक्ष्मदर्शकाखाली धातूच्या स्फटिक-दाण्यांचा आकारही तोच.

चुंबकीय धातुशास्त्रात हे 'पर्मॅलॉयचे कोडे' म्हणून ओळखले जाते. बेल लॅबोरेटरीजचे रिचर्ड बोझोर्थ यांनी १९५३ मध्ये त्याचा नीट हिशेब मांडला, तोवर या मिश्रधातूला जगापुढे येऊन ३० वर्षे झाली होती. मऊ चुंबकीय (म्हणजे सहज चुंबकित होणाऱ्या आणि चुंबकत्व सहज सोडणाऱ्या) मिश्रधातूंची उष्णता-प्रक्रिया करणाऱ्याने हे एक प्रकरण नीट समजून घेतले, तर ८० टक्के निकेलच्या आजच्या कोअरमध्ये (तारेच्या वेढ्यांच्या आतल्या चुंबकीय गाभ्यात) जे बिघडते त्यातले निम्मे आपोआप समजते.

मुळात हा पदार्थ कशासाठी हवा होता

न्यूयॉर्कच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत गुस्ताव एल्मेन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात निकेल-लोखंड मिश्रधातूंची मालिका तपासली. १९२३ मध्ये हॅरल्ड आर्नल्ड आणि एल्मेन यांनी 'पर्मॅलॉय' जाहीर केला. गरज होती समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलची. लांब केबलमध्ये संदेशाचे स्पंद पसरतात, एकमेकांत मिसळतात आणि वेग वाढवता येत नाही. वाहकाभोवती चुंबकीय पट्टी गुंडाळून केबलचे इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला होणारा चुंबकीय विरोध) वाढवले तर हे पसरणे आटोक्यात येते. मात्र पलीकडच्या टोकाला पोचणारा प्रवाह अत्यंत क्षीण असतो, म्हणून पट्टीची पर्मिॲबिलिटी क्षीण क्षेत्रातच मोठी लागते. लोखंड तिथे निरुपयोगी ठरते.

१९२४ मध्ये न्यूयॉर्क ते अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरील होर्टा अशी केबल टाकली गेली. तांब्याच्या वाहकाभोवती सुमारे ३ मिलिमीटर रुंद आणि ०.१५ मिलिमीटर जाड पर्मॅलॉय पट्टीचे वेटोळे होते. मिनिटाला १,५०० हून अधिक अक्षरे गेली, तेव्हाच्या साध्या केबलच्या चार-पाच पट. पट्टी वाहकावर गुंडाळल्यानंतर उष्णता-प्रक्रिया करावी लागे, कारण गुंडाळताना बसणारा ताण पर्मिॲबिलिटी मारतो. लंडनमध्ये विलोबी स्मिथ आणि हेन्री गार्नेट यांनी १९२३ मध्येच तांबे मिसळलेला पर्याय काढला. त्याचे नाव म्यूमेटल. ते नाव आज चुंबकीय शिल्डिंगच्या (बाहेरचे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या) डब्यांवर सर्रास दिसते.

पट्टी झटकन थंड केली की चुंबकीय गुण सुधारतात, हे सुरुवातीपासून माहीत होते. तेच खटकणारे होते. लोखंड, सिलिकॉन पोलाद, शुद्ध निकेल यांना सावकाश थंड करावे, कारण घाईने थंड केले की आतला ताण वाढतो आणि गुण बिघडतात. मग या एकाच मिश्रणाला घाई का मानवते?

जाळीत काय घडते

निकेल-लोखंडात अणूंची जाळी फलककेंद्री घन असते: आठ कोपऱ्यांवर अणू आणि सहा फलकांच्या मध्यावर अणू. प्रत्येक अणूला १२ सख्खे शेजारी. ६०० अंशांच्या वर कोणत्या जागी निकेल आणि कोणत्या जागी लोखंड याला काही धरबंध नसतो. ७८.५ टक्के वजनाचे निकेल म्हणजे अणूंच्या हिशेबात सुमारे ७७.७ टक्के. म्हणजे विस्कळीत अवस्थेत लोखंडाच्या अणूला १२ पैकी सरासरी २.७ शेजारी लोखंडाचेच मिळतात.

सुमारे ५०० अंशांच्या खाली मांडणी बदलू पाहते. लोखंड कोपऱ्यांवर आणि निकेल फलकांच्या मध्यावर, ही तीनास एक मांडणी कमी ऊर्जेची ठरते. वजनात तिचे आदर्श प्रमाण ७५.९ टक्के निकेल, म्हणजे पर्मॅलॉयच्या अगदी जवळ. पूर्ण क्रमबद्ध अवस्थेत लोखंडाला लोखंडाचा एकही सख्खा शेजारी उरत नाही, बाराही निकेलचे.

दाणे तेच, रसायन तेच, जाळीचा आकारही जवळपास तोच. म्हणून सूक्ष्मदर्शकाला काही दिसत नाही. क्ष-किरणांनाही सहजी दिसत नाही. लोखंडाचा अणुक्रमांक २६ आणि निकेलचा २८, दोन्ही क्ष-किरणांना जवळपास सारखेच विखुरतात, त्यामुळे क्रमबद्धतेच्या जादा रेषा अतिशय फिकट येतात. जपानमध्ये काया यांनी १९३८ मध्ये दीर्घ ॲनीलनंतर (तापवून ठेवण्याच्या प्रक्रियेनंतर) बदलणाऱ्या गुणांवरून क्रमबद्धता ओळखली आणि १९३९ मध्ये लीच व साइक्स यांनी क्ष-किरणांनी ती दाखवून दिली. कोडे इतकी वर्षे रेंगाळण्यामागे हे एक साधे कारण आहे: ज्या गोष्टीने सगळा फरक पडत होता ती पाहायचे साधनच तोकडे होते.

आता चुंबकत्वाशी तिचा संबंध. स्फटिकात चुंबकनाला काही दिशा सोप्या आणि काही अवघड असतात. या फरकाचे माप म्हणजे ॲनायसोट्रॉपी स्थिरांक के-१. लोखंडात तो सुमारे +४८,००० जूल प्रति घनमीटर आणि निकेलमध्ये सुमारे −५,०००. दोन्ही मिसळताना कुठेतरी तो शून्यातून जाणारच. विस्कळीत अवस्थेत हे शून्य ७५ टक्के निकेलच्या आसपास येते. मात्र क्रमबद्धता वाढली की त्याच मिश्रणात के-१ ऋण बाजूला सरकत जातो आणि पूर्ण क्रमबद्ध अवस्थेत सुमारे −२,००० पर्यंत पोचतो.

−२,००० हे लोखंडापुढे काहीच नाही असे वाटते. ढोबळ हिशेब करून पाहू. चुंबकन वळण्यामुळे मिळणारी पर्मिॲबिलिटी साधारण संपृक्त (म्हणजे जास्तीत जास्त शक्य) चुंबकनाच्या वर्गाच्या सम आणि के-१ च्या व्यस्त प्रमाणात असते. संपृक्तता १.०८ टेस्ला धरली आणि के-१ दोन हजार धरला, तर पर्मिॲबिलिटी काही शेकड्यांत अडकते. तीच २०,००० च्या पुढे न्यायची तर के-१ वीस-पंचवीसवर आणावा लागतो, म्हणजे पूर्ण क्रमबद्ध मूल्याच्या एका टक्क्यावर. क्रमबद्धतेचा चिमूटभर अंशही या पातळीवर मोठा ठरतो.

घाई नेमकी किती आणि कुठे

क्रमबद्धतेसाठी अणूंना जागा बदलाव्या लागतात आणि त्यासाठी तपमान लागते. जागाबदलाची ऊर्जा मोलला २७० किलोजूलच्या आसपास धरली तर ४५० अंशांजवळ दर ११-१२ अंशांच्या उतारात वेग निम्मा होतो. ५०० वरून ४०० वर येईतो तो सुमारे ५०० पटींनी पडतो. म्हणजे वर मांडणी बदलायची इच्छा नाही आणि खाली ताकद नाही. मधल्या १००-१५० अंशांच्या पट्ट्यात दोन्ही असते. सगळा खेळ तिथे.

तासाला १०० अंशांनी उतरणारी भट्टी ५०० ते ४०० हा टप्पा एका तासात ओलांडते. तेवढ्या वेळात दूरवरची पूर्ण क्रमबद्धता येत नाही, तिला कित्येक दिवस लागतात. पण जवळच्या शेजाऱ्यांपुरती मांडणी सुरू होते आणि के-१ सरकायला तेवढे पुरते. तांब्याच्या पाटीवर पातळ पट्टी तोच टप्पा काही सेकंदांत पार करते आणि ६०० अंशांवरची विस्कळीत मांडणी तशीच गोठते. ४५० वर २० तास शेकलेला तुकडा या टप्प्यात मुद्दाम बसवलेला असतो, म्हणून सर्वांत वाईट.

पाण्यात का बुडवत नाहीत? त्याचे उत्तर मॅग्नेटोस्ट्रिक्शनमध्ये, म्हणजे चुंबकित होताना पदार्थाच्या लांबीत होणाऱ्या किंचित बदलात आहे. या कुळात मॅग्नेटोस्ट्रिक्शनचे शून्य ८१ टक्के निकेलजवळ येते. ७८.५ वर ते दशलक्षात दोनेक भाग उरते. आत केवळ १० मेगापास्कल ताण राहिला तरी त्यातून सुमारे ३० जूल प्रति घनमीटर इतकी ॲनायसोट्रॉपी उभी राहते, म्हणजे क्रमबद्धता टाळून जे कमावले ते ताणात गेले. तांब्याची पाटी ही मधली वाट आहे: क्रमबद्धता हुकवण्याइतकी जलद आणि पट्टी वाकवू नये इतकी सौम्य. ९०० अंशांवरून थेट न टाकता आधी सावकाश थंड करून मग ६०० वर पुन्हा तापवण्यामागेही हाच विचार. क्रमबद्धता ५०० च्या वर अस्तित्वातच नसते. ती पुसायला ६०० पुरतात, मग ३०० अंश जादाचा धक्का कशाला द्यायचा?

७५ आणि ८१ या दोन शून्यांमध्ये ७८.५ हा आकडा बसतो, हे लक्षात घ्यावे. के-१ आणि मॅग्नेटोस्ट्रिक्शन एकाच वेळी शून्य होत नाहीत, म्हणून एल्मेनना प्रयोगातून सापडलेले हे प्रमाण म्हणजे तडजोड आहे.

दुसरा गुन्हेगार: दिशेची मांडणी

बोझोर्थ यांच्या हिशेबात बहुतेक दोष के-१ वर जातो आणि ते बरोबरच आहे. पण सावकाश थंड करण्यात आणखी एक गोष्ट घडते. ७८.५ पर्मॅलॉयचे क्युरी तपमान (ज्याच्या वर चुंबकत्व नाहीसे होते) ६०० अंशांच्या आसपास, म्हणजे अणू हलू शकतात त्या टप्प्यात पदार्थ आधीच चुंबकीय असतो आणि डोमेनमध्ये, म्हणजे एकाच दिशेने चुंबकित असलेल्या छोट्या भागांत वाटलेला असतो. लोखंड-लोखंड अशा जोड्या आपल्या डोमेनमधल्या चुंबकनाच्या दिशेशी जुळवून घेतात. १९५० च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ नेएल आणि तानिगुची यांनी याचा सिद्धान्त मांडला. परिणाम असा की प्रत्येक डोमेन-भिंत (दोन डोमेनमधली सीमा) जिथे उभी होती तिथेच तिला खळगा तयार होतो. क्षीण क्षेत्र तिला त्यातून बाहेर काढू शकत नाही आणि हिस्टेरिसिसचा फास (क्षेत्र वाढवून-घटवून चुंबकनाचा काढलेला बंद आलेख) कमरेत आवळल्यासारखा दिसतो. ऑसिलोस्कोपवर असा फास दिसला की थंड होण्याचा वेग तपासायला घ्यावा.

हाच परिणाम मुद्दाम वापरताही येतो. ॲनीलच्या शेवटी पट्टीच्या लांबीत चुंबकीय क्षेत्र लावले तर सगळ्या जोड्या एकाच दिशेला जुळतात आणि फास चौकोनी होतो. ६५ टक्के निकेलमध्ये हा परिणाम सर्वांत ठळक. बेल लॅबोरेटरीजमध्येच १९३० च्या दशकात हे काम झाले.

मॉलिब्डेनम आल्यावर

तांब्याची पाटी पट्टीला चालते. टोरॉइडला (पट्टी गुंडाळून केलेल्या कड्यासारख्या कोअरला), शंभर कोअरच्या चळतीला किंवा शिल्डिंगच्या डब्याला ती कशी चालणार? जाड वस्तू इतकी लवकर थंड होत नाही आणि झाली तरी वाकडी होते. यातून सुटका झाली ४ ते ५ टक्के मॉलिब्डेनमने. ते तीन कामे करते: क्रमबद्धतेचा वेग आणि जोर कमी करते, विद्युत रोध १६ वरून ५५-६० मायक्रो-ओहम-सेंटिमीटरवर नेते, आणि के-१ व मॅग्नेटोस्ट्रिक्शन ही दोन शून्ये जवळ आणते. किंमत मोजावी लागते ती संपृक्ततेत: १.०८ टेस्लावरून सुमारे ०.८७ वर.

१९४७ मध्ये बूथबी आणि बोझोर्थ यांनी ७९ टक्के निकेल व ५ टक्के मॉलिब्डेनमचा सुपरमॅलॉय मांडला. शुद्ध हायड्रोजनमध्ये १,३०० अंश, मग ६०० ते ३०० या टप्प्यात ठरावीक वेगाने उतार. आरंभीची पर्मिॲबिलिटी १,००,०००.

प्रकरणाला इथे कलाटणी मिळते. साध्या पर्मॅलॉयला 'जितके जलद तितके बरे' हे सूत्र लागू होते. मॉलिब्डेनमवाल्याला ते लागू नाही. त्यात पूर्ण विस्कळीत अवस्थेत के-१ किंचित धन असतो आणि क्रमबद्धता वाढताना तो शून्यातून ऋणाकडे जातो. म्हणजे थोडी क्रमबद्धता हवीच, फक्त नेमकी. फार जलद थंड केले तरी पर्मिॲबिलिटी पडते आणि फार सावकाश केले तरी पडते. कारखान्यातला सगळ्यात हट्टी गैरसमज इथला आहे. कोणी जुने वाचून भट्टीचा पंखा पूर्ण सोडतो, कोणी पोलादाच्या सवयीने रात्रभर भट्टी बंद ठेवून देतो, आणि दोघेही दोष हायड्रोजनला देतात.

आजच्या कोअरवर हेच प्रकरण

घरातल्या अर्थ-लीकेज ब्रेकरमध्ये ८० टक्के निकेलचा टोरॉइड असतो. त्याला ३० मिलिअँपिअर गळती ओळखायची असते आणि प्राथमिक वेढा एकच. २४ मिमी बाहेरचा व्यास, १४ मिमी आतला, १० मिमी उंची असा कोअर धरू. ९० टक्के भरावाने छेद ४५ चौरस मिमी, चुंबकीय मार्ग सुमारे ६० मिमी, वजन साडेतेवीस ग्रॅम. ३० मिलिअँपिअरला यात क्षेत्र येते फक्त ०.५ अँपिअर प्रति मीटर. म्हणून तपासणीही त्याच पातळीवर करावी, ०.४ अँपिअर प्रति मीटर हा रुळलेला बिंदू आहे. प्राथमिक १० वेढे, २.४ मिलिअँपिअर, ५० हर्ट्झ. दुय्यम ५० वेढे. पर्मिॲबिलिटी ५०,००० असेल तर दुय्यमवर सुमारे १७.७ मिलिव्होल्ट येतील. २०,००० असेल तर जेमतेम ७. साधा चांगला मिलिव्होल्टमीटर पुरतो.

प्रक्रिया अशी. पट्टी आधी मॅग्नेशियम ऑक्साइडचा पातळ लेप देऊन गुंडाळायची, नाहीतर ११०० च्या वर वेढे एकमेकांना चिकटतात. तेल पूर्ण काढायचे, कारण कार्बन आणि गंधक दोन्ही नको आहेत. रिटॉर्ट (भट्टीतले हवाबंद भांडे) नायट्रोजनने धुऊन मगच हायड्रोजन सोडायचा, इथे घाई म्हणजे स्फोट. हायड्रोजन कोरडा हवा, ड्यू पॉइंट (ज्या तपमानाला त्यातली वाफ साकळू लागते) उणे ४० ते ५० अंशांच्या खाली. १,१२० ते १,१७५ अंशांवर २ ते ४ तास. हा वरचा मुक्काम अशुद्धी काढतो आणि दाणे मोठे करतो. क्रमबद्धतेशी त्याचा काही संबंध नाही. मग ६०० पर्यंत भट्टीच्या चालीने उतरायचे. ६०० ते ३७० या टप्प्यात तासाला साधारण २०० ते ३३० अंशांचा वेग धरायचा. त्याखाली वेगाला महत्त्व नाही. रिटॉर्ट उघडण्यापूर्वी पुन्हा नायट्रोजन.

तासाला २५० अंश धरले तर हा टप्पा ५५ मिनिटांचा. एवढ्या लांब चक्रात कोअरचा भाव या ५५ मिनिटांत ठरतो, आणि नेमक्या याच वेळी भट्टी सर्वांत आळशी असते. वरच्या तपमानाला भट्टी प्रारणाने भराभर उष्णता टाकते, प्रारण निरपेक्ष तपमानाच्या चौथ्या घाताने चालते. ६०० च्या खाली ते लंगडे पडते आणि विटांच्या अस्तरात साठलेली उष्णता बाहेर येत राहते. कंट्रोलरवर तासाला २५० लिहिले म्हणून भट्टी २५० ने उतरत नाही. हीटर बंद ठेवण्यापलीकडे कंट्रोलरच्या हातात काही नसते. बेल भट्टी (वरून उचलता येणाऱ्या घंटेसारख्या आवरणाची) असेल तर ६०० ला बेल उचलून रिटॉर्टवर बाहेरून पंखा लावायचा. विटांपेक्षा सिरॅमिक फायबरचे अस्तर इथे पुष्कळ सोपे.

आणखी एक चूक वारंवार दिसते, तीही काटकसरीच्या नावाखाली. ६०० ला हायड्रोजन बंद करून नायट्रोजन सुरू करतात. हायड्रोजनची उष्णतावाहकता नायट्रोजनच्या सुमारे सात पट आहे. वायू बदलला की चळतीच्या आतला उतार एकदम मंदावतो, बाहेरचा थर्मोकपल (तपमान मोजणारी तारांची जोडी) मात्र सरळ रेषा दाखवत राहतो. ३७० खाली गेल्यावर वायू बदलावा. निर्वात भट्टीत तर आधार केवळ प्रारणाचा, म्हणून ६०० च्या आसपास वायू भरून तो फिरवावा लागतो.

थर्मोकपल कुठे आहे यावर बरेच ठरते. तो रिटॉर्टच्या भिंतीजवळ असेल तर चळतीच्या मध्यावरचे कोअर त्याच्या मागे रेंगाळतात. लक्षण ओळखायला सोपे आहे: चळतीच्या बाहेरच्या रांगेतले कोअर चांगले, मधले पडलेले, आणि एकाच थरात गोल पट्ट्यांसारखा फरक. म्हणून कोअर काढताना त्यांची जागा लिहून ठेवावी. सगळे एका पेटीत ओतले की हा पुरावा संपला. एक थर्मोकपल कायम चळतीच्या पोटात हवा, आणि वेग त्यावरून मोजावा.

दोष कशाचा, हे कसे ठरवावे

पडलेल्या लॉटमधले चार-पाच कोअर घ्यायचे. छोट्या नळीभट्टीत हायड्रोजन किंवा कोरड्या आर्गॉनमध्ये ६०० ते ६२० अंशांवर अर्धा तास ठेवायचे. आधीची मांडणी तिथे पुसली जाते. मग एक कोअर तासाला १५० ने, एक २५० ने, एक ४०० ने उतरवायचा आणि एक नळीच्या थंड टोकाला ओढायचा. चारही मोजायचे.

पर्मिॲबिलिटी परत आली तर दोष थंड होण्याचा होता. अख्खा लॉट ६०० वरून पुन्हा उतरवला की वाचतो, १,१७५ चे पूर्ण चक्र लावायची गरज नाही. कोणत्याही वेगाला परत आली नाही, आणि कोअर्सिव्हिटीही (चुंबकन शून्यावर आणायला लागणारे उलटे क्षेत्र) चढलेली आहे, तर दोष वरच्या मुक्कामाचा: ओला हायड्रोजन, गंधक, तेलाचा कार्बन, अपुरा वेळ. तिथे ६०० ची युक्ती काही करणार नाही. या चाचणीला अर्धा दिवस लागतो, तरी ती टाळून लोक थेट दुसरे पूर्ण चक्र लावतात आणि त्याच भट्टीत, त्याच वेगाने, त्याच निकालावर येतात.

चार वेगांचे हे मोजमाप दुसऱ्याही कामाचे. प्रत्येक वितळणीचे निकेल आणि मॉलिब्डेनम दशांशात हलते आणि त्याबरोबर योग्य वेगही. नवा लॉट आला की आधी ही छोटी मालिका करून वेग ठरवावा. प्रमाणपत्रावरचे रसायन हद्दीत आहे म्हणजे जुनाच वेग चालेल, असे नाही. काही उत्पादक वेगावर विसंबतच नाहीत. ते ६०० वरून जलद खाली येतात आणि ४५० ते ५०० च्या दरम्यान ठरावीक तपमानाला काही तास थांबून क्रमबद्धता हवी तेवढी बसवतात. मोठ्या भारासाठी हा मार्ग अधिक भरवशाचा, कारण चळतीचा मध्य आणि कडा दोन्ही एका तपमानाला येतात. के-१ तपमानानुसार बदलत असल्याने पर्मिॲबिलिटीचे शिखर कोणत्या तपमानाला यावे तेही या थांब्याने हलवता येते. उणे २५ अंशांतही चालायच्या ब्रेकरला याची गरज असते, म्हणून मोजमाप थंडीत, साध्या तपमानाला आणि ६० अंशांच्या आसपास असे तीनदा करावे.

भट्टीनंतरचे घात

कोअर चांगला निघाला तरी तो पुढे कोणाच्या हातात जातो ते पाहावे. १५० अंशांवर रेझिन भाजण्याने क्रमबद्धता हलत नाही. वरच्याच हिशेबाने तिथे अणूंचा वेग ४५० अंशांच्या तुलनेत दहावर तेरा शून्ये इतक्या पटींनी कमी आहे. रेझिन घात करते ते आकुंचनाच्या ताणाने. म्हणून कोअर प्लॅस्टिकच्या डबीत सिलिकॉन ग्रीसमध्ये सैल बसवतात. पण काचेचे सीलिंग, कठीण डाख किंवा कोणी सद्‌भावनेने केलेले '४५० वर ताण काढणे' ही सुरुवातीच्या तिसऱ्या तुकड्याची पुनरावृत्ती आहे. शिल्डिंगच्या डब्याला वेल्डिंग किंवा वाकवणे करायचे असेल तर ते अंतिम ॲनीलच्या आधी. नंतर डबा टेबलावरून पडला तरी त्याची शिल्डिंग घटते.

एकाच भट्टीत लोखंड-कोबाल्टचेही काम घेणाऱ्यांनी कार्यक्रम वेगळा ठेवावा. तिथे समसमान मिश्रणात क्रमबद्धता ७३० अंशांखाली येते, वेगाने येते आणि धातू ठिसूळ करते. म्हणून पत्रा थंड लाटण्यापूर्वी तो वरून बर्फाळ मिठाच्या पाण्यात टाकावा लागतो. १९३२ मध्ये व्हाइट आणि वाल यांनी २ टक्के व्हॅनेडियम घालून लाटणे शक्य केले. लाटून, कापून झाल्यावर मात्र गणित उलटते. ८२० ते ८६० अंशांवरून तासाला साधारण ८० ते १७० अंशांनी उतरतात, कारण तिथे क्रमबद्ध अवस्था चुंबकीय गुणांना मानवते आणि ठिसूळपणाचा प्रश्न उरलेला नसतो. ८० निकेलचा ६०० ते ३७० चा कार्यक्रम त्या लॅमिनेशनला (कापलेल्या पातळ पत्र्यांना) लावू नये. कोबाल्टचा कार्यक्रम टोरॉइडना लावला तर निकाल काय येईल ते दुय्यमवरचा मिलिव्होल्टमीटर लगेच सांगतो.